डाग पालथे ठेवले आहेत

(दृश्य: पूर्व भाग, यंत्रमागाचा कारखाना)

मागांचा खडखडाट गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो. कामगार आपसात तेलुगूत बोलतात, गिऱ्हाईक आलं की मराठीत. सोलापूरच्या याच पूर्व भागातल्या एका दवाखान्याची ही मागची खोली. इथं मनाच्या आजाराचा अंदाज घेणारी शाईच्या डागांची चाचणी होते. टेबल एक, खुर्च्या दोन, त्याही शेजारी-शेजारी. चाचणी घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरून उत्तराचा अंदाज बांधता येऊ नये, म्हणून.

(दृश्य: कार्डांची पाठ)

कार्डं दहा. मुद्दाम पालथीच दाखवतोय; आधी पाहून ठेवलेल्या डागाचा चाचणीला फारसा उपयोग नाही. खुर्चीतला तरुण आमच्याच टीममधला आहे, खऱ्या रुग्णाची चाचणी आम्ही चित्रित केली नाही.

हे डाग स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ हर्मान रोर्शाख यांचे. पाच काळे-करडे, दोनांत लालही, तीन रंगीत. १९२१ साली त्यांचं या चाचणीवरचं पुस्तक निघालं. डागांमधल्या गडद-फिक्या छटा छपाईत उमटल्या, आणि रोर्शाखना त्या आवडल्या. पुढच्याच वर्षी ते वारले, अवघ्या ३७व्या वर्षी.

(दृश्य: पेन्सिल, कागद)

प्रश्न साधा: "हे काय असू शकेल?" चाचणी घेणाऱ्या मॅडम उत्तर शब्दन्‌शब्द उतरवतात. तेलुगूत आलं तर तेलुगूतच. कार्ड फिरवलं, तर तशी खूण करतात. सगळी कार्डं झाली की दुसरी फेरी: कुठं दिसलं? कशामुळं तसं वाटलं? खरी मेहनत इथं आहे.

अभ्यासात नेहमी दिलं जाणारं एक उदाहरण घ्या. हिरव्या डागात गवत दिसतं, तिथंच अस्वलही दिसतं, आणि उत्तर येतं, "गवताचं अस्वल." दोन कल्पना एकमेकींत विरघळल्या. स्किझोफ्रेनियाची, म्हणजे वास्तवाचं भान सुटणाऱ्या आजाराची, शंका इथं बळावते. उन्मादात, म्हणजे बायपोलर आजारातल्या अतिउत्साहाच्या टप्प्यात, उत्तरांची झड लागते. अस्वल अस्वलच राहतं, पण गवताचा फेटा बांधून वरातीत नाचतं, आणि सांगणाराही खूश असतो. अशा विस्कळीत उत्तरांना गुण देण्याची पद्धत मानसशास्त्रज्ञ जॉन्स्टन आणि होल्झमन यांनी १९७९ मध्ये मांडली.

या चाचणीवर टीका भरपूर झाली, बरीचशी रास्तही. पण विचारांतला हा विस्कळीतपणा तिला टिपता येतो, हे कडक टीकाकारही मान्य करतात. एकट्या डागांवर निदान मात्र कुणी करू नये. नशा, थायरॉइड, फिट्स हे आधी तपासायचं, घरच्यांकडून आजाराची सगळी हकिगत घ्यायची.

(दृश्य: ओपीडीची रांग)

चाचणी, मग गुणांकन, मग अहवाल. एका माणसामागे काही तास जातात. या रांगेत तेवढा वेळ काढायचा कुणी? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे अशी चाचणी घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची, जागा असेल आणि ती भरलेली असेल, तरच ना!

निदान बायपोलरकडे झुकलं, तर लिथियमसारखं औषध सुरू होऊ शकतं, सोबत रक्ततपासणीच्या फेऱ्याही.

(पडद्यावर: टेलि-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही.)