हँडल किती रुंद हवं?

(ठाण्यातील सायकलस्वारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. रविवारी सकाळी उपवनाहून येऊरला चढणाऱ्या माउंटन बाइक, म्हणजे डोंगरवाटांसाठीच्या जाड टायरच्या सायकली बघा, आणि त्यातही फक्त हँडलं बघा. पाच फूट उंचीची मुलगी आणि सहा फुटी तिचा दादा, दोघांच्या सायकलला तेच ७८० मिलिमीटरचं हँडल. याचं कारण अगदी साधं आहे. बऱ्याच मॉडेलांत कंपनी लहान-मोठ्या सगळ्या फ्रेमना एकच हँडल बसवते. सीट वरखाली करायला आपण दुकानातच सांगतो, पण हँडलची रुंदीही अंगाला जुळवून घ्यायची असते हे कुणी सांगत नाही. मग मान आखडते, करंगळी बधिर होते, आणि दोष जातो वयाला नाहीतर फोमच्या ग्रिपला.

माउंटन बाइकचा थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय आजचे आकडे समजणार नाहीत. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण जुन्या जाडजूड क्रूझर सायकली डोंगरउतारावरून सोडायचे. त्यांची हँडलं ऐसपैस होती, काहींची तर मोटारसायकलची. पुढे क्रॉस-कंट्री, म्हणजे चढ-उताराच्या कच्च्या वाटांवरच्या शर्यतींचा जोर वाढला आणि १९९० च्या दशकात हँडलं ५६० ते ६०० मिलिमीटरपर्यंत आक्रसली. जोडीला १२० मिलिमीटरचं लांबलचक स्टेम, म्हणजे हँडलला फोर्कशी जोडणारा तुकडा. चढावर ती सायकल बरी चालायची, पण उतारावर अंग चाकाच्या पुढे झेपावल्यासारखं व्हायचं. नंतर फ्रेम लांब झाल्या, पुढचं चाक धरणारा फोर्क जास्त तिरका झाला, स्टेम ३५ ते ६० मिलिमीटरवर आलं आणि हँडल ७४० ते ८०० पर्यंत पसरलं. म्हणजे रुंद हँडल एकटं आलेलं नाही. आखूड स्टेम आणि लांब फ्रेम यांच्यासोबत ते आलं. जुन्या सायकलला लांब स्टेम तसंच ठेवून नुसतं ८०० चं हँडल चढवलं, तर हात एवढे ताणले जातात की वळताना कोपर वाकवायला जागाच उरत नाही.

रुंदीने मिळतं काय? तरफ. घट्ट नट लांब दांड्याच्या पान्याने लवकर सुटतो, तसंच. हँडल ७०० चं ७७० केलं, तर चाक तेवढंच वळवायला हाताला सुमारे ९ टक्के जोर कमी लागतो. पुढचं चाक दगडावर आपटून फिरू पाहतं तेव्हा तुमचा हात त्याला जास्त सहज धरून ठेवतो. पण त्याची किंमतही मोजावी लागते. १० अंश वळायला ७०० च्या हँडलवर हात ६१ मिलिमीटर सरकतो, ७७० वर ६७. सरळ उतारावर हे जाणवतही नाही. चढावरच्या अगदी तीव्र वळणात, जिथे हँडल बरंच फिरवावं लागतं, तिथे आखूड हातांच्या माणसाचा बाहेरचा खांदा अक्षरशः ओढला जातो.

दुसरी किंमत लवकर लक्षात येत नाही. हात जितके बाजूला जातील तितकं धड पुढे खेचलं जातं. मध्यम बांध्याचा माणूस धरा आणि हात सरळ धरून हिशोब करा: ७२० वरून ७८० वर गेलं की खांदे जवळपास १ सेंटीमीटर पुढे जातात. कोपर सरळ होतात, मग ते धक्का गिळत नाहीत, सगळा हादरा थेट मानेत पोचतो. मनगट मुडपतं, तळव्याच्या कडेच्या नसेवर दाब येतो, आणि करंगळी व अनामिका बधिर व्हायला लागतात. ही तक्रार असेल तर नवे हातमोजे घेण्याआधी टेप काढा. मोजायचं ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषेत, नळीच्या बाकासोबत नाही.

मग माझं माप किती? घरी फरशीवर पुश-अपच्या अवस्थेत या. डोळे मिटा, दोन-तीनदा खाली-वर व्हा, आणि जिथे सगळ्यात जास्त जोर मिळतो तिथे हात थांबू द्या. आता घरातल्या कुणाला तरी एका तळव्याच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजायला सांगा. हा तुमचा सुरुवातीचा आकडा. शेवटचा आकडा रस्ता ठरवतो.

आणि आपला रस्ता कोणता, हे प्रामाणिकपणे बघायला हवं. आपल्यातले बहुतेक जण घोडबंदर रोडच्या रिक्षांमधून वाट काढत येऊरला जातात, नाहीतर नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर खाडीच्या वाऱ्याला छाती देत लांबचं अंतर कापतात. खारघरच्या टेकडीवरही चढाई डांबरीच असते. अशा वापराला ७८० माझ्या मते जास्तच आहे. रिक्षाच्या आरशाला आधी भिडतं ते ग्रिपचं टोक. वापरलेल्या सायकलीच्या ग्रिपची टोकं हातात घेऊन बघा, रबर कुरतडलेलं असतं. पाच-सव्वापाच फुटांच्या माणसाने ७०० ते ७२० च्या आसपास आणि पावणेसहा फुटांच्या माणसाने ७४० च्या आसपास सुरुवात करावी, असं मी सांगेन. खरोखर खडकाळ उतार करणाऱ्यांनी यात २०-३० मिलिमीटर वाढवावेत.

मगाशी एका ताईंनी विचारलं, थेट कापून टाकू का? नाही. आधी ब्रेक लिव्हर, गियर बदलायचा शिफ्टर आणि ग्रिप दोन्हीकडून १० मिलिमीटर आत सरकवा. त्यासाठी टोकं उघडी असलेल्या ग्रिप लागतात. बाहेर आलेल्या नळीच्या तोंडात बूच बसवाच, उघडी नळी पडल्यावर पोटात किंवा मांडीत घुसू शकते. असे दोन-तीन रविवार चालवा. बरं वाटलं तर आणखी ५ मिलिमीटर आत. हात स्वतःहूनच ग्रिपच्या बाहेरच्या कडेला सरकायला लागले, की समजा जास्त आत आलात.

कापायची वेळ आली की हँडलवर छापलेली किमान रुंदी आधी वाचा. नळी मध्याकडे जाड होत जाते, त्यामुळे फार कापलं तर लिव्हरची पकड बसवायला सरळ जागा उरत नाही. खुणेभोवती चिकटपट्टी गुंडाळा, दोन्ही बाजू सारख्या मोजा, अॅल्युमिनियम हॅकसॉने कापून कडा कानशीने घासा. कार्बनच्या हँडलला इंचाला ३२ दातांचं बारीक ब्लेड, पाण्याचा हलका शिडकावा आणि तोंडाला मास्क, कारण ती भुकटी फुप्फुसात जायला नको. पाइप कटर कार्बनला लावू नका, थर चिरडले जातात. लिव्हरचे स्क्रू मात्र शेवटी थोडे सैल ठेवा, इतके की जोरात धक्का बसला तर लिव्हर फिरेल, पण तुटणार नाही.