तेलासोबत वर येणारं पाणी

[दृश्य: पश्चिम टेक्सास, पहाट. उघड्या माळावर टाक्यांची रांग. हातमोजा घातलेला हात काचेची बाटली भरतो.]

ही बाटली नीट बघा. तळाशी बोटभर गाळ, त्यावर करडं, गढूळ पाणी आणि वर तेलाचा पातळ तवंग. झाकण उघडलं की कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. यातलं एक लिटर पाणी आटवलं, तर भांड्यात शंभर-सव्वाशे ग्रॅम मीठ उरेल. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ते साधारण ३५ ग्रॅम असतं.

हे पर्मियन खोरं. टेक्सास आणि न्यू मेक्सिको या दोन राज्यांत पसरलेलं, अमेरिकेत सर्वांत जास्त तेल देणारं. इथल्या कित्येक विहिरींत एका बॅरल तेलामागे तीन-चार बॅरल असं पाणी वर येतं. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. सगळ्या खोऱ्याचा हिशेब केला, तर दिवसाला दोन कोटी बॅरलच्या आसपास. तेलाच्या भावाची बातमी रोज होते. या पाण्याची क्वचितच होते, आणि म्हणूनच ही गोष्ट सांगायची आहे.

[दृश्य: खडकाचा तुकडा, जवळून. मग विहिरीचा आडवा छेद, रेखाचित्र.]

शेल हा खडक दिसायला पाटीसारखा. त्यात तेल आणि गॅस असतात, पण बारीक छिद्रांत अडकलेले. नुसती विहीर खणून ते वाहत नाहीत. खाली जाऊन विहीर आडवी वळवायची आणि पाणी, वाळू, थोडी रसायनं प्रचंड दाबाने आत सोडून खडकाला तडे पाडायचे. हेच फ्रॅकिंग. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने घट्ट जेलऐवजी जवळजवळ साधं पाणी वापरून पाहिलं. खर्च उतरला, गॅस वाहू लागला आणि पाण्याची मागणी वाढली ती वाढलीच. आज पर्मियनमधल्या एका लांब आडव्या विहिरीला दीड-दोन कोटी गॅलन पाणी लागणं नवलाचं राहिलेलं नाही.

त्यातलं काही पाणी पहिल्या काही आठवड्यांत परत येतं. त्याला फ्लोबॅक म्हणतात. त्यानंतर येत राहतं ते खडकातलं मूळचं पाणी. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राचं, तिथेच कोंडलेलं, सावकाश अधिकाधिक खारट होत गेलेलं. त्यात बेरियम, स्ट्रॉन्शियम, ब्रोमाइड असतं, काही ठिकाणी किरणोत्सर्गी रेडियमसुद्धा. विहीर चालू आहे तोवर हे थांबत नाही.

[दृश्य: पेन्सिल्व्हेनिया. नदी, काठावरचा जुना कारखाना, पुलावरून जाणारे टँकर.]

या पाण्याचं करायचं काय, हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्याने विचारला गेला तो पेन्सिल्व्हेनियात. इथल्या मार्सेलस शेलमध्ये गॅसची धांदल सुरू झाली, तेव्हा टँकर भरभरून हे पाणी गावोगावच्या सांडपाणी प्रकल्पांत जात होतं. पण त्या प्रकल्पांची रचनाच वेगळ्या कामाची. तिथले जिवाणू मैला खातात. मीठ खात नाहीत. एका बाजूने आत गेलेलं मीठ दुसऱ्या बाजूने नदीत.

२००८ च्या शरदात मोनोंगाहेला नदीची पातळी खाली गेली आणि पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मर्यादेपलीकडे चढला. दोष एकट्या गॅस विहिरींचा नव्हता, जुन्या कोळसा खाणींचं पाणीही त्यात होतं. पण पिण्याचं पाणी याच नदीतून उचललं जात होतं. आणि ब्रोमाइडची अडचण मिठापेक्षा वाईट. पाणी शुद्ध करताना क्लोरीन टाकला की ब्रोमाइडपासून ट्रायहॅलोमिथेन गटातली घातक संयुगं तयार होतात. शुद्ध करण्याच्या पायरीवरच पाणी बिघडतं.

२०१० मध्ये राज्याने नवीन आणि वाढीव विसर्गासाठी लिटरला ५०० मिलिग्रॅम टीडीएसची मर्यादा घातली. मे २०११ पासून हे पाणी अशा प्रकल्पांकडे पाठवू नका, असं कंपन्यांना सांगितलं गेलं. शेल विहिरींचं पाणी सार्वजनिक सांडपाणी प्रकल्पांत सोडायला देशभर बंदी आली ती २०१६ मध्ये.

[दृश्य: शुद्धीकरण प्रकल्प. गाळण यंत्राचं झाकण उघडतं; आत तपकिरी दाणे.]

हे दाणे अक्रोडाच्या टरफलांचे आहेत. टरफल दळून, चाळून गाळणीत भरतात. तेलाचे बारीक थेंब त्याला चिकटतात, पण आत मुरत नाहीत. उलट दिशेने पाणी सोडून धुतलं की तेच टरफल पुन्हा कामाला. मला या सगळ्या यंत्रणेत हा भाग सर्वांत आवडतो.

बाकीच्या पायऱ्याही बहुतेक जुन्याच. तेल आणि पाणी वेगळं करायच्या टाक्या, हवेच्या बुडबुड्यांवर गाळ तरंगवणं, विजेच्या साहाय्याने कण एकत्र आणणं, चुना आणि सोडा टाकून कॅल्शियम खाली बसवणं. सल्फेट टाकलं की बेरियमचा पांढरा साका बसतो आणि रेडियम त्यालाच धरून खाली जातं. मात्र मग तो साका किरणोत्सर्गी कचरा म्हणून सांभाळावा लागतो.

यानंतर उरतं ते मीठ. आरओचे नेहमीचे पडदे लिटरला सत्तर ग्रॅमच्या आसपास हात टेकतात. त्यापुढे लागणारा दाब त्यांना झेपत नाही. म्हणून उकळणं. त्यातही एक चतुराई आहे: निघालेली वाफ यंत्राने दाबायची, ती आणखी तापते आणि तिचीच उष्णता पुढच्या पाण्याला द्यायची. शुद्ध पाणी मिळतं, अगदी स्वच्छ. पण वीज लागते, नळ्यांवर क्षारांचा थर चढतो आणि शेवटी मिठाचा ढीग समोर उभा राहतो.

वेस्ट व्हर्जिनियातल्या डॉड्रिज काउंटीत अँटेरो या गॅस कंपनीने व्हिओलिया या पाणी शुद्ध करणाऱ्या कंपनीबरोबर याच पद्धतीचा प्रकल्प उभारला. खर्च सुमारे २७.५ कोटी डॉलर, क्षमता दिवसाला ६०,००० बॅरल. २०१७ मध्ये तो सुरू झाला, सप्टेंबर २०१९ मध्ये बंद पडला. पुढे दोन्ही कंपन्या कोर्टात गेल्या.

[दृश्य: माळावर एकटं कुंपण, आत पंप आणि एक विहीर.]

त्या प्रकल्पाचा प्रतिस्पर्धी हा होता. जमिनीत खोल, सच्छिद्र थरात पाणी ढकलणारी इंजेक्शन विहीर. टेक्सास टेक विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२२ मध्ये आलेल्या अहवालात मीठ काढून शुद्ध करण्याचा खर्च बॅरलला अडीच ते दहा डॉलर धरला होता. जमिनीत सोडायला साधारण साठ-सत्तर सेंट लागतात. शुद्धीकरणाचं प्रत्येक तंत्र, कितीही हुशार असो, या साठ-सत्तर सेंटशी झगडतं. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले, तेव्हा या धंद्यात उतरलेल्या अनेक लहान कंपन्या टिकल्या नाहीत. त्यांची यंत्रं चालत होती. तिथे गिऱ्हाईक उरलं नाही.

पण स्वस्त विहिरीचं बिल दुसरीकडे फाटत होतं. ओक्लाहोमात पूर्वी तीन रिश्टरच्या वरचे भूकंप वर्षाला एक-दोन व्हायचे. २०१५ मध्ये ते ९०० च्या आसपास झाले. ३ सप्टेंबर २०१६ ला पॉनीजवळ ५.८ तीव्रतेचा धक्का बसला, राज्याच्या नोंदींतला सर्वांत मोठा. खोल थरांत ढकललेलं पाणी जुन्या भेगांपर्यंत दाब पोहोचवत होतं. नियम आले, इंजेक्शन कमी केलं, धक्केही उतरले. नोव्हेंबर २०२२ मध्ये पश्चिम टेक्सासही ५.४ तीव्रतेच्या धक्क्याने हलला.

[दृश्य: काळं अस्तर घातलेला मोठा तलाव, काठाने पाइपलाइन.]

मधल्या काळात बाजाराने वेगळीच वाट काढली. पाणी आत सहज सरकावं म्हणून त्यात एक निसरडं रसायन घालतात. पूर्वी ते खाऱ्या पाण्यात निकामी व्हायचं. पुढे मीठ सोसणारी रसायनं आली. मग मीठ काढायचंच कशाला? तेल, लोह, गाळ काढा, जिवाणू मारा आणि तेच खारं पाणी पुढच्या विहिरीत वापरा. जिवाणू मारणं अत्यावश्यक, कारण ते विहिरीत विषारी वायू तयार करतात आणि पोलाद कुरतडतात. अशा साफ केलेल्या खाऱ्या पाण्यालाच ‘क्लीन ब्राइन’ म्हणतात. बॅरलमागे खर्च पडतो काही सेंट.

त्यामुळे पैसा यंत्रांपेक्षा पाइपांत गेला. टँकरऐवजी शेकडो मैल नळ टाकून पाणी गोळा करणाऱ्या, साठवणाऱ्या, विकणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. मग भांडण आलंच: हे पाणी कोणाचं? जमीनमालकाचं की तेल काढणाऱ्याचं? २७ जून २०२५ ला टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने तेल काढणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. ज्याला कचरा म्हणून पैसे देऊन घालवायचं, त्याच्या मालकीसाठी माणसं थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली.

पुनर्वापरालाही सीमा आहे. आज नवीन विहिरींना लागतं त्यापेक्षा वर येणारं पाणी कितीतरी जास्त, म्हणून जमिनीत सोडणं चालूच राहतं. खोल थर भूकंपांमुळे नकोसे झाले, तर उथळ थरांवर भार आला. जानेवारी २०२२ मध्ये क्रेन काउंटीत बुजवलेल्या जुन्या विहिरीतून खारं पाणी कारंज्यासारखं उसळलं. जून २०२५ पासून टेक्सासने नवीन इंजेक्शन विहिरींचे नियम कडक केले: आजूबाजूच्या अर्ध्या मैलातल्या जुन्या विहिरी तपासा, दाब मर्यादेत ठेवा. साठ-सत्तर सेंटचा आकडा आता तिथेच थांबणार नाही.

[दृश्य: कागदावर हिशेब करणारा हात.]

दोन कोटी बॅरल. लिटरला १२० ग्रॅम मीठ धरा. दिवसाला पावणेचार लाख टनांहून जास्त मीठ होतं. पाणी शुद्ध झालं तरी हे मीठ कुठे ठेवायचं, याचं उत्तर ज्या तंत्राच्या माहितीपत्रकात नाही, त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

[दृश्य: ऑर्ला, टेक्सास. पाइपांचा सांगाडा, जोडकाम चालू.]

ऑर्ला गावाजवळ आता गोठवून पाणी वेगळं करण्याचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर उभा राहतो आहे. खारं पाणी हळूहळू गोठलं की बर्फ मिठाला बाहेर ढकलतं. तो बर्फ वेगळा काढून वितळवायचा. उकळण्यापेक्षा ऊर्जा कमी लागेल आणि नळ्यांवर थर चढणार नाही, अशी आशा आहे. क्षमता दिवसाला १०,००० बॅरल. खोऱ्यातून तेवढं पाणी पाऊण मिनिटात वर येतं.