आवडीचं वाचन: पुस्तक निवडावं कसं आणि सोडावं कधी

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे ते आवडीच्या वाचनाबद्दल. परीक्षा नाही, बढती नाही, कुणाचा आग्रह नाही. वाचावंसं वाटतं म्हणून हातात घेतलेलं पुस्तक. या वाचनाला फावल्या वेळातली चैन समजायची रीत आहे. 'आधी अभ्यासाचं वाच, मग गोष्टीची पुस्तकं' हे बहुतेकांनी लहानपणी ऐकलेलं असतं. पण वाचन घडतं कसं हे जवळून पाहिलं, तर हा क्रम बरोबर उलटा असल्याचं दिसतं. सफाईनं वाचता यायला हजारो पानं नजरेखालून जावी लागतात, आणि हजारो पानं सक्तीनं कुणी वाचत नाही.

आधी डोळ्यांचं पाहू. वाचताना नजर ओळीवरून सरळ सरकत जाते असं वाटतं. प्रत्यक्षात ती उड्या मारते. फ्रान्समधले नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल यांच्याकडे 1879 च्या सुमारास चाललेल्या निरीक्षणांतून हे पुढे आलं. नजर एका जागी साधारण पाव सेकंद थांबते, एखादा शब्द टिपते आणि पुढची उडी घेते. सराईत वाचकाच्याही शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागे जातात: काहीतरी निसटलं, अर्थ जुळला नाही, म्हणून नजर परत फिरते. वाचनाचा वेग दुप्पट-तिप्पट करून देणारे वर्ग याच मागे जाण्याला खोड म्हणतात आणि ती मोडायला सांगतात. त्यांच्या नादी लागू नये. मागे वळून पाहायची सोय काढून घेतली, तर वाचलेलं कमी समजतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

वेग वाढतो तो शब्द ओळखीचे झाल्यानं. नवा वाचक अक्षरं जुळवण्यात इतका गुंतलेला असतो, की वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते. तेच शब्द शेकडो वेळा भेटले की ते जुळवावे लागत नाहीत, दिसताक्षणी कळतात, आणि मन अर्थाकडे लावायला मोकळं होतं. नव्या शब्दांचंही असंच आहे. वाचताना एकदाच भेटलेला अनोळखी शब्द लक्षात राहण्याची शक्यता, निरनिराळ्या अभ्यासांनुसार, शंभरात पाच ते पंधरा एवढीच असते. ऐकायला हे फार थोडं वाटेल. पण रोज दहा पानं वाचणाऱ्याला वर्षात साडेतीन हजारांवर पानं भेटतात, आणि त्यांत तोच शब्द वेगवेगळ्या वाक्यांत पुन्हा पुन्हा येतो. पाठांतर न करता शब्दसंग्रह वाढतो तो असा.

आता आवडीचा आणि समजण्याचा संबंध. 1988 साली अमेरिकेत शाळकरी मुलांवर झालेला एक प्रयोग इथे सांगण्याजोगा आहे. मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. काही मुलं वाचनात हुशार होती, काही कच्ची. काहींना खेळाची चांगली माहिती होती, काहींना नव्हती. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, खेळ न जाणणाऱ्या हुशार वाचकांपेक्षा पुढे निघाली. याचा व्यवहारात उपयोग सरळ आहे. 'माझ्या पातळीचं पुस्तक कोणतं' असं शोधत बसण्यापेक्षा, ज्या विषयावर तासभर गप्पा मारता येतात त्या विषयाचं पुस्तक आधी घ्यावं. इंजिनांचं वेड असलेला मुलगा इंजिनावरचं जाडजूड पुस्तक रेटून नेतो. तोच मुलगा बक्षीस मिळालेल्या कादंबरीच्या तिसऱ्या पानावर अडकतो. यात त्याचं काही चुकत नाही.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयांसाठी पाच नियम मांडले. त्यांतला दुसरा नियम असा, की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, आणि तिसरा, की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. चौथा मला सगळ्यांत व्यवहारी वाटतो: वाचकाचा वेळ वाचवा. मग आपलं पुस्तक वेळ न दवडता शोधायचं कसं?

मलपृष्ठावरच्या पाठराखणीवर विसंबू नका, ती जाहिरात असते. पहिल्या पानावरही फार विसंबू नका, कारण लेखकाची आणि संपादकाची सर्वांत जास्त मेहनत त्याच पानावर झालेली असते. पुस्तक मधोमध उघडा आणि एक पूर्ण पान वाचा. गोष्ट कळणार नाही, माणसं ओळखीची नसतील. तरी वाक्यं पुढे ओढतात का, एवढंच पाहा. माहितीपर पुस्तक असेल तर अनुक्रमणिका बघा. तीनचार प्रकरणं तरी आत्ताच वाचावीशी वाटली पाहिजेत. अनुवाद असेल तर त्यातले दोनतीन संवाद हलक्या आवाजात म्हणून पाहा. जीभ अडखळली, माणसं असं बोलत नाहीत असं वाटलं, तर दोष अनुवादाचा आहे. त्याच पुस्तकाचा दुसरा अनुवाद मिळतो का, ते पाहावं. आणि एक अगदी साधी गोष्ट: पुस्तक टेबलावर उघडं राहतं का, ओळींमध्ये मोकळी जागा आहे का, टाईप पुरेसा मोठा आहे का? घट्ट बांधणीचं, बारीक टाईपाचं पुस्तक कितीही चांगलं असलं तरी ते पडून राहतं.

कठीणपणा मोजायला पाच बोटांची एक जुनी युक्ती आहे. एक पान वाचायचं, अनोळखी शब्द आला की एक बोट मिटायचं. पाचही मिटली तर पुस्तक सध्या बाजूला ठेवायचं. युक्ती चांगली आहे, पण ती डोळे मिटून वापरू नये. परक्या भाषेत वाचणाऱ्यांवर 2000 साली झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायला शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी चालतो. अडीचशे शब्दांच्या पानावर हा हिशोब पाचावर येतो, म्हणून मोठ्यांच्या पुस्तकाला पाच बोटं ठीक. लहान मुलांच्या पुस्तकात मात्र पानावर शंभरच शब्द असतात. तिथे दोन बोटं मिटली की पुरे. तेवढ्यावरही मूल हट्टानं तेच पुस्तक मागत असेल, तर द्यावं. विषयाचं वेड पुष्कळ अनोळखी शब्द पचवतं.

एखादं पुस्तक आवडलं की लगेच भलत्याच प्रकाराकडे न जाता, त्याच लेखकाची किंवा त्याच विषयाची आणखी दोनतीन वाचावीत. शब्द, स्थळं, सांगायची ढब ओळखीची झालेली असते, त्यामुळे दुसरं पुस्तक पहिल्यापेक्षा सोपं जातं आणि तिसरं त्याहून. मूल एकाच मालिकेची वीस पुस्तकं वाचतं म्हणून घरची मंडळी कुरकुरतात. पण वाचनाचा पाया त्या वीस पुस्तकांतच घातला जात असतो.

आता सोडण्याबद्दल. घेतलेलं पुस्तक पुरं केलंच पाहिजे, या हट्टानं जितकी वाचनं बंद पडली असतील तितकी आळसानं पडली नसतील. घडतं असं: पुस्तक कंटाळवाणं निघतं, सोडायला मन धजत नाही, ते संपेपर्यंत दुसरं घ्यायचं नाही असं ठरतं, आणि मग महिनाभर कोणतंच पुस्तक वाचलं जात नाही. अमेरिकेतल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी यावर एक तोडगा सांगितला आहे. पन्नास पानं वाचावीत. तोवर पकड बसली नाही तर खुशाल सोडावं. वय पन्नासच्या पुढे गेलं असेल, तर शंभरातून आपलं वय वजा करावं, उरतील तेवढीच पानं द्यावीत. सत्तरीच्या माणसानं तीस. आणि शंभरी गाठली, की नुसतं मुखपृष्ठ पाहून पुस्तक नाकारायचा हक्क मिळतो!

मात्र सोडण्याआधी अडलं कुठे ते पाहावं. मोठ्या कादंबऱ्यांत पहिल्या तीसचाळीस पानांत पंधरा-वीस नावं अंगावर येतात आणि वाचक गोंधळतो. हा कंटाळा नव्हे. खुणेसाठी ठेवलेल्या चिठ्ठीवरच नावं लिहावीत: कोण, कुणाचा कोण, पहिल्यांदा कुठल्या पानावर. दहा नावं लिहून होईतो गाडी रुळावर येते. निसर्गाची लांबलचक वर्णनं अडवत असतील तर ती ओलांडून पुढे जावं. गरज भासली तर परत येता येतं. आणि वाक्यंच नकोशी झाली असतील, तर मात्र पुस्तक मिटावं. सोडलेलं पुस्तक चार वर्षांनी पुन्हा उघडून बघायला हरकत नाही; दरम्यान वाचणारा बदललेला असतो.

वर्षाला अमुक पुस्तकं वाचीनच, असा संकल्प करणाऱ्यांची संख्या बरीच आहे. त्यात एक गोची असते. आकडा गाठायचा म्हटलं की हात आपोआप पातळ पुस्तकांकडे वळतो, आणि ज्या सहाशे पानांत महिनाभर रमता आलं असतं ती मागे पडतात. मोजायचंच असेल तर मिनिटं मोजावीत. साध्या कादंबरीच्या एका पानाला दोन मिनिटं धरली, तर रोज वीस मिनिटांत दहा पानं होतात; अडीचशे पानांचं पुस्तक पंचवीस दिवसांत संपतं, वर्षाला चौदा. आपलं पान किती मिनिटांत होतं, ते घड्याळ लावून एकदा बघून घ्यावं. वीस मिनिटं अंथरुणात पडल्यावरचीच असतील, तर मात्र हा हिशोब फसतो, कारण पाचव्या मिनिटाला डोळा लागतो आणि दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा वाचावं लागतं. रात्रीसाठी लघुकथा किंवा छोटे लेख ठेवावेत. मुख्य पुस्तकाला दिवसातली एखादी ठरलेली वेळ द्यावी, रोजच्या एखाद्या कामाला जोडून. त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत. थांबताना प्रकरण संपवून थांबण्यापेक्षा प्रसंग रंगात आलेला असताना थांबावं, दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडायला आठवण करावी लागत नाही.

मुलांच्या बाबतीत घरात सर्वांत जास्त गडबड होते ती बक्षिसांमुळे. 1973 साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली, ज्यांना रंगीत पेननी चित्रं काढायला मुळातच आवडत होतं. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिलं, काहींना काहीच दिलं नाही. एकदोन आठवड्यांनी तेच पेन पुन्हा मांडून ठेवले, तेव्हा आमिष दाखवलेली मुलं इतरांच्या निम्म्याच वेळ चित्रांत रमली. अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्यांवर असा परिणाम झाला नाही. पुस्तकामागे चांदणी, दहा चांदण्यांमागे खेळणं, अशी तक्ते लावण्याची पद्धत घालण्याआधी हे ध्यानात घ्यावं. मूल आपणहून वाचत असेल, तर त्यात आमिष आणू नये. पुस्तकाला अजिबात हातच लावत नसेल, तर सुरुवातीला थोडं आमिष चालू शकतं, कारण मोडायला तिथे आवडच नसते. पण ते लवकर थांबवावं.

बक्षिसाइतकाच घातक एक प्रश्न आहे: 'यातून काय शिकलास?' पुस्तक मिटताच परीक्षा होणार हे कळलं, की मूल परीक्षेपुरतं वाचायला लागतं. त्याऐवजी 'पुढे काय झालं?' असं विचारावं, आणि उत्तर खरोखर ऐकावं. चित्रकथा, विनोदांची पुस्तकं, तेच पुस्तक सातव्यांदा वाचणं, हे सगळं वाचनच आहे. मुलाला स्वतः वाचता यायला लागलं म्हणून त्याला मोठ्यानं वाचून दाखवणं बंद करू नये. त्याच्या आवाक्याबाहेरची गोष्ट त्याला कानांनी समजते, आणि पुढच्या पुस्तकाची चटक तिथे लागते. ऐकायच्या पुस्तकांनाही कमी लेखायचं कारण नाही. फक्त रस्ता ओलांडताना वाक्य निसटलं तर मागे जाणं जड जातं, म्हणून ऐकायला सरळ कथानक बरं.

शेवटी एक गोष्ट, जी वाचनाची म्हणून कुणी सांगत नाही. चाळिशीच्या पुढचे पुष्कळ जण म्हणतात, 'पूर्वी खूप वाचायचो, आता मनच लागत नाही.' दहा मिनिटांत डोकं जड होतं, पुस्तक हळूहळू लांब धरलं जातं, संध्याकाळी ओळी पुसट होतात. बऱ्याचदा मनाला काही झालेलं नसतं. डोळ्यातलं भिंग वयानुसार ताठर होतं आणि जवळचं स्पष्ट दिसेनासं होतं. ज्यांना आयुष्यभर चष्मा लागला नाही त्यांनाही हे चुकत नाही. अशा वेळी नवं पुस्तक शोधण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. तपासायला जाताना जे पुस्तक अर्धवट राहिलं आहे तेच बरोबर न्यावं, आपण ते रोज जसं धरतो तसंच धरून दाखवावं, आणि चष्म्याचा नंबर त्या अंतरासाठी काढून घ्यावा. घरी आल्यावर दिवा खांद्याच्या मागून, पानावर पडेल असा ठेवावा. डोळ्यांवर आला तर नव्या चष्म्याचाही उपयोग व्हायचा नाही.

नमस्कार.