झाकायचं कुणी, दाखवायचं कुणी

नमस्कार मंडळी.

"आमच्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" ऑनलाइन खासगीपणाचा विषय निघाला की इंदुरात बहुतेकांच्या तोंडून पहिल्यांदा हेच येतं. बोलणारी माणसं सरळमार्गी असतात, मनापासून बोलतात. म्हणून मी हे वाक्य हसण्यावारी नेत नाही. पण ते मला चूक वाटतं, आणि का वाटतं तेच आज सांगायला उभा आहे.

आपल्या मराठी समाजाच्या वधू-वर ग्रुपांपासून सुरुवात करू. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एखादा बायोडाटा डोळ्यांपुढे आणा. वर 'श्री गजानन प्रसन्न'. खाली मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, मिनिटासकट जन्मवेळ, जन्मस्थळ, रास, नाडी, गण, गोत्र. उंची, रक्तगट. नोकरी कुठल्या कंपनीत, पॅकेज किती. वडील कुठून निवृत्त झाले, सुदामानगरात स्वतःचं घर आहे की भाड्याचं. भाऊ पुण्यात काय करतो. मामेकुळ, म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. शेवटी दोन मोबाइल नंबर, घराचा पत्ता आणि तीन फोटो. यात लपवण्यासारखं खरंच काही नाही. सगळं चांगल्या हेतूनं, आईवडिलांनी आपल्या हातानं लिहिलेलं असतं.

पण हे सगळं एकत्र, एका पानावर, अनोळखी माणसाच्या हाती पडलं की काय होतं? मुलीचं लग्न ठरतं, होतं, तिला मूल होतं, तरी ते पान या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये जातच राहतं. ज्या कामासाठी दिलं ते काम संपलं, पान मात्र संपलं नाही. खासगीपणाचा सगळा प्रश्न माझ्या मते इथे आहे. माहिती कशासाठी दिली, कुणाला दिली आणि काम झाल्यावर ती पुसली जाते का?

आणि मग एके दिवशी वडिलांना फोन येतो. "पोलिसांकडून बोलतोय, तुमच्या मुलाच्या नावानं पार्सल पकडलंय." मुलाचं नाव बरोबर, पुण्यातली कंपनी बरोबर, घरचा पत्ता बरोबर. एवढं सगळं जुळल्यावर सत्तरीतला माणूस घाबरणार नाही तर काय करेल? 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे फोनवरूनच अटक झाल्याचं सांगून माणसाला कॅमेऱ्यापुढे बसवून ठेवणं, असा प्रकार आपल्या कुठल्याही कायद्यात नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना आज रात्रीच सांगा. पैसे गेले तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा, उशीर करू नका. फसलेल्या माणसाला मूर्ख म्हणू नका, ही माझी हात जोडून विनंती. त्याच्याविरुद्ध त्याचीच माहिती वापरलेली असते.

झेरॉक्सच्या दुकानाचंही तेच. आधारची पीडीएफ दुकानाच्या नंबरवर पाठवायची, मुलगा प्रिंट काढून देतो, फाइल त्याच्या कॉम्प्युटरवर राहते. समग्र आयडी (आपल्या राज्य सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक), पॅन, पासबुक, सगळं त्याच एका डाउनलोड फोल्डरमध्ये. आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत अधिकृतपणे मिळते. जिथे चालेल तिथे तीच द्या आणि समोर उभं राहून फाइल पुसून घ्या. दुकानदाराला राग येत नाही, मी पाहिलंय.

आता थोडं मागे जाऊ. खासगीपणा हे पाश्चात्यांचं खूळ आहे असं म्हणणारेही भेटतात. त्यांनी आपल्याच राज्यातला एक खटला वाचावा. गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, १९७५. पोलिसांनी गोविंद नावाच्या माणसाची हिस्ट्रीशीट, म्हणजे सराईत गुन्हेगार म्हणून नोंद, उघडली आणि पाळत ठेवायला सुरुवात केली. अपरात्री घरी यायचं, दार ठोठवायचं, चौकशी करायची. मध्य प्रदेश पोलीस नियमावलीतले ८५५ आणि ८५६ हे नियम पोलिसांना तशी मुभा देत होते. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती मॅथ्यू यांच्या पीठानं नियम रद्द केले नाहीत, पण ते घटनाबाह्यतेच्या अगदी कडेला पोचले आहेत असं बजावलं आणि सराईत गुन्हेगारीचा ठोस आधार असेल तरच ते वापरायचे, असं बंधन घातलं. रात्री आपलं दार कुणी ठोठवावं, हा प्रश्न इथल्या मातीत उगवलेला आहे, मंडळी.

पुढे आधारच्या प्रकरणात केंद्र सरकारनं १९५४ आणि १९६२ च्या निकालांचा आधार घेऊन मांडलं की खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही. त्यावर नऊ न्यायाधीशांचं घटनापीठ बसलं आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं निकाल आला की तो मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर आधी कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि हस्तक्षेप गरजेपुरताच हवा.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. माझं खरं म्हणणं याच्या पुढचं आहे. खासगीपणा नागरिकाचा आणि उघडेपणा सत्तेचा, अशी लोकशाहीत वाटणी असायला हवी. आपल्याकडे ती उलटी होत चालली आहे.

निवडणूक रोखे आठवा, म्हणजे नाव जाहीर न होता पक्षाला बँकेमार्फत देणगी द्यायची योजना. कुणी कुठल्या पक्षाला किती दिले हे मतदाराला कळू नये, याच्या बाजूनं न्यायालयात देणगीदाराच्या खासगीपणाचा युक्तिवाद झाला. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयानं ती योजना घटनाबाह्य ठरवली, कारण मतदाराचा जाणून घेण्याचा हक्क त्यात मारला जात होता. ज्या ढालीनं गोविंदसारख्या माणसाचं रक्षण व्हायचं, ती कोट्यवधींच्या देणग्यांपुढे धरली गेली होती.

आणि आता वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा. त्यात चांगलं आहे. संमती घ्यावी लागेल, काम संपल्यावर माहिती पुसावी लागेल, हलगर्जीपणाला २५० कोटींपर्यंत दंड आहे. पण त्याच कायद्यात केंद्राला आपल्या यंत्रणांना या बंधनांतून सूट देण्याचा अधिकार आहे. आणि त्यातल्या कलम ४४(३) नं माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(जे) बदललं. माहिती कधी नाकारता येते ते हे कलम सांगतं. आधी तिथे अट होती की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा कुणाच्या खासगीपणावर नाहक घाला घालणारी खासगी माहितीच नाकारता येईल. जे संसदेला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं वाक्यही होतं. ते गेलं. आता माहिती 'वैयक्तिक' आहे एवढं म्हटलं की पुरे. सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देण्याची मुभा देणारं कलम ८(२) शाबूत आहे, असं सरकार सांगतं. ते खरंही आहे, पण हित सिद्ध करण्याचं ओझं अर्ज करणाऱ्याच्या खांद्यावर आलं.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो क्रम. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले तेव्हा माहिती अधिकारातला हा बदल लगेच लागू झाला. नागरिकाच्या संमतीची, माहिती पुसण्याची कलमं मात्र १८ महिन्यांनी. कार्यालयाचा पडदा आधी पडला, आपल्या घराच्या दाराला कडी नंतर.

हे पुस्तकी नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या, तेव्हा सरकारी कामांच्या हजेरीपटावरची मजुरांची नावं गावापुढे मोठ्यानं वाचली गेली. मेलेल्या माणसांच्या नावानं मजुरी उचललेली निघाली. त्या चळवळीतूनच माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा उभा राहिला. हजेरीपटावरचं नाव 'वैयक्तिक' ठरलं तर ती चोरी पकडायची कशी?

तेव्हा आपण इथे काय करायचं? ग्रुप चालवणाऱ्यांनी बायोडाट्यात पत्ता, रक्तगट आणि पगार मागणं थांबवावं, आणि लग्न ठरलं की पान काढून टाकावं. हे उद्यापासून जमण्यासारखं आहे. महापालिकेच्या निवडणुका मुदतीप्रमाणे २०२७ मध्ये आहेत. पार्षदकीचा, म्हणजे नगरसेवकपदाचा, उमेदवार दारात आला की त्याला विचारा: आमच्या चौकातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण किती दिवस ठेवतात, कोण पाहतं, कुणाला देतात? आणि लगोलग दुसरा प्रश्न: आमच्या कॉलनीच्या रस्त्याचं कंत्राट कुणाला, किती रकमेला गेलं, त्याची देयकं न मागता संकेतस्थळावर टाकाल का? माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अशी माहिती आपणहून प्रसिद्ध करायचीच असते. दोन्ही उत्तरं लिहून घ्या, तारखेसह.