चॅनेल २३, जॅक्सन

(काळा पडदा. मध्यभागी पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ : 'सॉरी, केबल ट्रबल'.)

साल १९५५. अमेरिकेतलं मिसिसिपी राज्य आणि त्याची राजधानी जॅक्सन. एनबीसी या टीव्ही वाहिनीच्या देशभर दिसणाऱ्या कार्यक्रमात थर्गुड मार्शल बोलत होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नामवंत वकील. शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धचा खटला त्यांनी आदल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात जिंकला होता. जॅक्सनच्या प्रेक्षकांना मात्र ते दिसले नाहीत. डब्ल्यूएलबीटी या स्थानिक केंद्रानं प्रक्षेपण मध्येच तोडलं आणि पडद्यावर ही पाटी लावली.

दूरदर्शनचा जमाना ज्यांनी पाहिलाय, त्यांना 'रुकावट के लिए खेद है' ही पाटी आठवत असेल. ती आली की आपण चरफडायचो, पण कुठेतरी काहीतरी खरंच बिघडलेलं असायचं. जॅक्सनमध्ये काहीही बिघडलं नव्हतं. केबल धडधाकट होती. एक कृष्णवर्णीय माणूस कायद्याबद्दल अधिकारानं बोलतोय, हे दृश्य शहरातल्या घराघरांत जाऊ नये, एवढंच केंद्राला हवं होतं.

पुढे याच शहरात, कृष्णवर्णीयांसाठी उभ्या राहिलेल्या विद्यापीठाच्या मालकीचं एक टीव्ही केंद्र सुरू झालं. कमी शक्तीचं, छोट्या टापूपुरतं. आपण त्याच्याकडे जाणार आहोत. पण त्याचं मोल कळायला आधी त्या पाटीचं पुढे काय झालं, ते पाहावं लागेल.

(दृश्य : पन्नाशीच्या दशकातलं जॅक्सन, कृष्णधवल छायाचित्रं.)

डब्ल्यूएलबीटी १९५३ मध्ये सुरू झालं. मालक होती लामार लाइफ ही विमा कंपनी. केंद्राच्या प्रक्षेपणाच्या टापूत जवळपास ४५ टक्के लोक कृष्णवर्णीय होते. तरी पडद्यावर त्यांचा पत्ता नव्हता. केंद्राचे व्यवस्थापक फ्रेड बिअर्ड हे सिटिझन्स काउन्सिलचे सभासद. वर्णभेद टिकवण्यासाठीच ही संघटना उभी राहिली होती. जॅक्सनमधले धर्मगुरू आणि किराणा व्यापारी रॉबर्ट एल. टी. स्मिथ १९६२ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा पैसे मोजायची तयारी असूनही त्यांना प्रचाराला वेळ मिळेना. त्यासाठी थेट वॉशिंग्टनपर्यंत धाव घ्यावी लागली.

याच शहरात एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे क्षेत्रसचिव होते मेडगर एव्हर्स. दुसऱ्या महायुद्धात लढून परतलेला हा माणूस पन्नाशीच्या दशकापासूनच केंद्र सरकारच्या दळणवळण आयोगाकडे, म्हणजे एफसीसीकडे तक्रारी पाठवत होता. अखेर २० मे १९६३ ला डब्ल्यूएलबीटीला त्यांना वेळ द्यावाच लागला. १७ मिनिटं.

त्या १७ मिनिटांत एव्हर्स टीव्हीबद्दलच बोलले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या बोलण्याचा आशय असा : जॅक्सनचा कृष्णवर्णीय माणूस संध्याकाळी घरी येतो, टीव्ही लावतो. त्याला आफ्रिकेतले नवे स्वतंत्र देश दिसतात. काँगोमधला माणूस आगगाडीचं इंजिन चालवू शकतो, हे त्याला ठाऊक असतं. आणि आपल्याला जॅक्सनमध्ये कचऱ्याची गाडीसुद्धा चालवू देत नाहीत, हेही. जगाची खबर देणारा तो डबा त्याच्या स्वतःच्या गल्लीबद्दल मात्र गप्प होता.

त्यानंतर चौथ्या आठवड्यात, १२ जूनच्या पहाटे, एव्हर्स घरी परतले आणि गाडीतून उतरताच त्यांना पाठीमागून गोळी घातली गेली. वय ३७. ते घर गाइन्स स्ट्रीटवर होतं. आज त्या रस्त्याला मार्गारेट वॉकर अलेक्झांडर यांचं नाव आहे. त्याच रस्त्यावर राहणाऱ्या या कवयित्री जॅक्सन स्टेट विद्यापीठात शिकवत. ते नाव पुढे पुन्हा येईल.

(दृश्य : टीव्हीसमोर बसलेला माणूस. हातात वही, पेन्सिल, घड्याळ.)

मार्च १९६४. युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टचे रेव्हरंड एव्हरेट पार्कर यांनी जॅक्सनमध्ये काही स्वयंसेवक गुपचूप जमवले. काम ऐकायला अगदी साधं : आठवडाभर टीव्ही पाहायचा आणि नोंद करायची. कोण दिसलं, किती वेळ दिसलं, कोणाला कुठल्या शब्दांत संबोधलं. नावं बाहेर फुटली असती तर या लोकांची धडगत नव्हती, म्हणून ती गुप्त ठेवली गेली. वहीत मिनिटं मांडणारी ही माणसं एका बलाढ्य केंद्राविरुद्ध पुरावा गोळा करत होती.

पार्कर यांच्यासोबत दोन मिसिसिपीकर अर्जदार होते. एक ते निवडणुकीवाले स्मिथ. दुसरे क्लार्कसडेल गावचे औषधविक्रेते आणि एनएएसीपीचे राज्याध्यक्ष आरन हेन्री. मागणी अशी की डब्ल्यूएलबीटीच्या परवान्याचं नूतनीकरण करू नका. आयोगानं उत्तर दिलं की या लोकांचा इथे संबंधच नाही. तोवर परवान्याच्या वादात बोलायचा हक्क दुसऱ्या केंद्रांना होता, कारण त्यांच्या धंद्यावर परिणाम होतो. टीव्ही पाहणाऱ्याला तो हक्क नव्हता.

१९६६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं हे उलटवलं. निकाल लिहिला वॉरन बर्गर यांनी. हेच पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. परवाना ही लोकांनी विश्वासानं सोपवलेली ठेव आहे आणि कर्तव्यात कसूर झाली तर ती काढून घेता येते, एवढी साधी गोष्ट या व्यवसायाला इतक्या वर्षांत समजलेली दिसत नाही, असं त्यांनी सुनावलं. प्रेक्षकाला दाद मागायचा हक्क मिळाला. आयोगानं तरीही परवाना पुन्हा दिला. १९६९ मध्ये न्यायालयानं तो रद्दच केला.

१९७१ मध्ये केंद्र एका ना-नफा संस्थेच्या हाती तात्पुरतं सोपवलं गेलं आणि १९७२ मध्ये विल्यम डिल्डे सरव्यवस्थापक झाले. अमेरिकेतल्या व्यावसायिक टीव्ही केंद्राच्या त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय. पुढे आरन हेन्री याच केंद्राच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले. ज्यांचा 'संबंध नाही' असं आयोग म्हणाला होता, तेच हे हेन्री.

(दृश्य : जॅक्सन स्टेट विद्यापीठाचा परिसर. अलेक्झांडर हॉलची भिंत, गोळ्यांच्या खुणा.)

आता विद्यापीठाकडे.

जॅक्सन स्टेटची सुरुवात १८७७ ची, नॅचेझ गावातली. गुलामगिरी संपून जेमतेम बारा वर्षं झाली होती. बॅप्टिस्ट मिशनच्या एका संस्थेनं मुक्त झालेल्या लोकांसाठी ही शाळा काढली. काही वर्षांतच ती जॅक्सनला आली, १९४० मध्ये राज्य सरकारच्या ताब्यात गेली आणि १९७४ मध्ये विद्यापीठ झाली. १९६८ मध्ये मार्गारेट वॉकर यांनी इथेच कृष्णवर्णीयांचा इतिहास, जगणं आणि संस्कृती यांच्या अभ्यासाची संस्था उभी केली. आपली गोष्ट आपणच जपून ठेवायची, हे या आवारात टीव्हीच्या फार आधी रुजलेलं आहे.

त्याची गरज किती होती, ते १९७० च्या मेमध्ये दिसलं. १४ मेची रात्र उलटून १५ तारीख लागली होती. पोलिसांनी अलेक्झांडर हॉल या मुलींच्या वसतिगृहावर गोळीबार केला. एका स्थानिक टीव्ही वार्ताहराच्या ध्वनिमुद्रणात तो आवाज सापडला आहे. २८ सेकंद. इमारतीवर गोळ्यांच्या चारशेहून जास्त खुणा मोजल्या गेल्या. फिलिप गिब्ज हा २१ वर्षांचा विद्यार्थी आणि जेम्स अर्ल ग्रीन हा १७ वर्षांचा शाळकरी मुलगा मारले गेले. जेम्स दुकानातलं काम आटोपून घरी निघाला होता. बाराजण जखमी झाले. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगानं हा गोळीबार असमर्थनीय ठरवला. शिक्षा कोणालाच झाली नाही.

त्याआधी अकराच दिवस ओहायोतल्या केंट स्टेटमध्ये चार विद्यार्थी गोळीबारात मारले गेले होते. चौघेही गोरे. केंट स्टेटचं नाव जगभर झालं. जॅक्सन स्टेटचं नाव आजही अनेक अमेरिकनांना सांगावं लागतं. ही तफावत कॅमेऱ्यांनी आणि संपादकांच्या टेबलांवर घडवली. म्हणून कॅमेरा कोणाचा, हा प्रश्न या विद्यापीठात पुस्तकी राहत नाही.

(दृश्य : प्रक्षेपण मनोरा. पडद्यावर अक्षरं उमटतात : डब्ल्यू २३ बीसी.)

विद्यापीठाकडे ८८.५ मेगाहर्ट्झवरचं डब्ल्यूजेएसयू हे एफएम रेडिओ केंद्र आहे, जॅझसाठी ओळखलं जाणारं. आणि त्याच्याच मालकीचं हे टीव्ही केंद्र, डब्ल्यू २३ बीसी.

हे नाव मोटारीच्या नंबरप्लेटसारखं वाटतं. त्यातला 'डब्ल्यू' म्हणजे केंद्र मिसिसिपी नदीच्या पूर्वेला. पश्चिमेला असतं तर बहुधा 'के' आलं असतं. २३ हा चॅनेल क्रमांक. शेवटची दोन अक्षरं क्रमानं वाटलेली. मोठ्या केंद्रांची नावं सहसा चार अक्षरांची असतात. मध्ये आकडा असलेलं नाव दिसलं की जाणकाराला कळतं, हे कमी शक्तीचं केंद्र.

कमी म्हणजे किती? यूएचएफ या टीव्ही लहरींच्या पट्ट्यात मोठ्या डिजिटल केंद्राला १,००० किलोवॉटपर्यंत प्रक्षेपणशक्ती वापरता येते, तर कमी शक्तीच्या केंद्राची मर्यादा १५ किलोवॉट. एफसीसीनं ही सेवा १९८२ मध्ये सुरू केली. ज्यांना मोठ्या केंद्राचा खर्च झेपणार नाही अशांना, खेड्यापाड्यांना, अल्पसंख्य समाजांना हवेत जागा मिळावी हा त्यामागचा विचार. मोठ्या शहरात पूर्ण शक्तीचं केंद्र विकत घ्यायचं तर कोट्यवधी डॉलर लागतात. विद्यापीठाला ते कुठून परवडणार?

आपल्याकडे हे चित्र अनोळखी वाटेल. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' १०७.४ वर ऐकू येते, पण हवेतून टीव्ही प्रक्षेपण करायचा अधिकार भारतात दूरदर्शनकडेच आहे. विद्यापीठानं मनोरा उभारावा आणि शहरानं घरच्या अँटेनावर त्याचा टीव्ही पाहावा, असा परवानाच आपल्या कायद्यात नाही.

अमेरिकेतही ही वाट रुळायला वेळ लागला. डेट्रॉइटचं डब्ल्यूजीपीआर १९७५ मध्ये सुरू झालं, तेव्हा ते मुख्य भूमीवरचं कृष्णवर्णीयांच्या मालकीचं पहिलं टीव्ही केंद्र होतं. १७ नोव्हेंबर १९८० ला वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठानं चॅनेल ३२ सुरू केलं. कृष्णवर्णीयांच्या मालकीचं ते पहिलं सार्वजनिक टीव्ही केंद्र, आजचं डब्ल्यूएचयूटी. हॉवर्डचं केंद्र पूर्ण शक्तीचं आहे. जॅक्सन स्टेटचं त्यामानानं अगदी लहान.

पण लहान केंद्राला आपलं शहर सोडून जाता येत नाही, आणि मला तेच त्याचं बळ वाटतं. २०२० च्या जनगणनेत जॅक्सनची लोकसंख्या होती १,५३,७०१. दर पाच जणांत सुमारे चार कृष्णवर्णीय. ऑगस्ट २०२२ मध्ये पर्ल नदीला पूर आला, ओ. बी. कर्टिस जलशुद्धीकरण केंद्र कोलमडलं आणि जवळपास दीड लाख माणसांच्या नळाला धड पाणी राहिलं नाही. देशभरातले कॅमेरे आले आणि काही दिवसांत गेले. पाणी उकळून प्यायचं की नाही, टँकर कुठे उभा आहे, महापालिकेच्या बैठकीत काय ठरलं, हे महिनोन्महिने विचारायला गावातलंच कोणीतरी लागतं. पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांच्या खोलीतला नळही त्याच पाण्याचा असेल, तर प्रश्न विचारताना त्यांचा आवाज वेगळा लागतो.

(दृश्य : १५ मे २०२१. पदवीदान समारंभ. सत्तरी ओलांडलेले पदवीधर.)

१९७० च्या गोळीबारानंतर त्या वर्षीचा पदवीदान समारंभ रद्द झाला होता. ५१ वर्षांनी तो झाला. तेव्हाच्या तुकडीनं टोपी-झगा घातला. गिब्ज आणि ग्रीन यांना मरणोत्तर मानद पदव्या दिल्या गेल्या. जॅक्सनच्या महापौरांनी शहराच्या वतीनं माफी मागितली. अशा दिवसाचं चित्रण मोठ्या वाहिनीवर दोन मिनिटांत उरकतं. प्रत्येक नाव, प्रत्येक चेहरा सावकाश दाखवायला वेळ लागतो, आणि तो वेळ मालकाच्या हातात असतो.

तरीही कमी शक्तीच्या या केंद्रांच्या पायाखालचं जाजम कधीही ओढलं जाऊ शकतं. कायद्याच्या भाषेत ती दुय्यम सेवा आहेत. मोठ्या केंद्राच्या लहरींत त्यांनी अडथळा आणायचा नाही. मोठ्यानं आणला तर मुकाट सोसायचा. मोठ्या केंद्राला तीच जागा हवी असेल तर लहानानं दुसरा चॅनेल शोधायचा, नाहीतर बंद व्हायचं. केबल कंपन्यांनी त्यांना दाखवलंच पाहिजे, अशी सक्ती सहसा नाही. २०१७ मध्ये ३६ च्या वरचे टीव्ही चॅनेल मोबाइल कंपन्यांसाठी रिकामे करायचं ठरलं, त्यानंतर देशभरातल्या अशा कितीतरी केंद्रांना बिऱ्हाड हलवावं लागलं. डिजिटल व्हायची शेवटची तारीख होती १३ जुलै २०२१. तो खर्च आलाच.

जानेवारी २०२३ मध्ये या केंद्रांना संरक्षण देणारा कायदा झाला. स्थानिक कार्यक्रम दाखवणाऱ्या केंद्राला वरचा, सुरक्षित दर्जा मिळू शकेल अशी तरतूद झाली. अट मात्र अशी की त्या टीव्ही बाजारपेठेत ९५ हजारांपेक्षा जास्त टीव्ही असलेली घरं नसावीत. जॅक्सनची बाजारपेठ त्याहून कितीतरी मोठी आहे. म्हणजे जिथे कृष्णवर्णीय वस्ती दाट, अशी बहुतेक शहरं या संरक्षणाबाहेरच राहिली. हा निकष मला अन्यायाचा वाटतो. केंद्र कोणासाठी बोलतं, हे न विचारता फक्त घरं मोजली गेली.

मिसिसिपीतल्या टीव्ही परवान्यांची मुदत १ जून २०२९ ला संपते आहे. त्याआधी प्रत्येक केंद्राला नूतनीकरणाचा अर्ज करावा लागेल, मग ते डब्ल्यूएलबीटीसारखं मोठं असो की कमी शक्तीचं. आणि १९६६ च्या निकालामुळे जॅक्सनमधला कोणीही प्रेक्षक त्या अर्जावर आपलं म्हणणं मांडू शकतो, कोणाच्याही बाजूनं किंवा विरुद्ध.

(श्रेयनामावली.)