अक्षर कुणाचं?

(पहाटेचे सहा. नेरूळचं 'ज्वेल'. पाण्याकडेचा चालायचा रस्ता, दिवे अजून चालू. दोन माणसं पाठमोरी. एकाच्या डोक्याला माकडटोपी.)

नवी मुंबईत थंडी पडत नाही, तरी माकडटोपी असतेच. माझ्या या फिल्ममधले हे टोपीवाले काका सरकारी लेखापरीक्षक होते. हयात दुसऱ्यांच्या कीर्दी तपासण्यात गेली. इथे त्यांना सगळे 'साहेब' म्हणतात, निम्मं मानानं आणि निम्मं चिडवायला. शेजारी चालतायत ते मास्तर. शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. दोघांची ओळख निवृत्तीनंतरची, त्यामुळे रोज भांडूनही त्यांचं 'अहो' काही सुटलेलं नाही.

भांडणाचे विषय ठरलेले. पाणी, सोसायटीचा पुनर्विकास आणि राजकारण. त्यातलं एक भांडण मात्र एका तक्रार अर्जावरून लागलं. अर्ज होता वॉशिंग्टनचा.

(जुनं कॅलेंडर. सप्टेंबर २०१९.)

महाराष्ट्रात विधानसभेची आचारसंहिता लागलेली. २२ तारखेला, रविवारी, ह्यूस्टनला 'हाउडी मोदी' झालं. मास्तरांनी ते रात्री जागून पाहिलं आणि सोमवारी सकाळी 'ज्वेल'च्या तीन फेऱ्या ट्रम्प यांच्या कौतुकात काढल्या. बुधवारी पहाटे बातमी आली. अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या सभापती नॅन्सी पलोसी यांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालवायचा का, याची चौकशी जाहीर केली होती. मास्तरांना हा घरच्या पाहुण्याचा अपमान वाटला. साहेबांना गुदगुल्या झाल्या.

चौकशीच्या मुळाशी होता नऊ पानांचा एक अर्ज, १२ ऑगस्ट २०१९ चा. लिहिणारी व्यक्ती सरकारी गुप्तचर यंत्रणेतली. अर्जाचा गाभा असा: २५ जुलैला ट्रम्प यांनी युक्रेनचे नवे अध्यक्ष झेलेन्स्की यांना फोन केला आणि जो बायडन व त्यांच्या मुलाबद्दल चौकशी करायला सांगितलं. बायडन हे येत्या निवडणुकीतले संभाव्य प्रतिस्पर्धी. म्हणजे पदाचा वापर करून परक्या देशाला आपल्या निवडणुकीत ओढलं जातंय, असा आरोप. त्याच सुमाराला युक्रेनची सुमारे ३९ कोटी डॉलरची लष्करी मदत अडकवून ठेवलेली होती.

अर्जात एक वाक्य प्रामाणिकपणे घातलेलं होतं. यातल्या बहुतेक घटना मी स्वतः पाहिलेल्या नाहीत, सहकारी अधिकाऱ्यांकडून कळल्या आहेत, अशा अर्थाचं. ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षानं पहिला वार तिथेच केला. ऐकीव माहिती!

मास्तरांनीही तेच उचललं. "अहो साहेब, तुमच्या ऑफिसात असा अर्ज आला असता तर काय केलं असतंत? दप्तरी दाखल!"

साहेब म्हणाले, "आधी आवक क्रमांक टाकला असता."

(वहीचं पान. निळ्या शाईतल्या तारखा, शेजारी रेघ.)

आणि खरंच, साहेबांनी तो सगळा प्रकार आवक-जावक वहीसारखा वाचून काढला. ही वही त्यांचीच. अर्ज आला १२ ऑगस्ट. गुप्तचर विभागांचे महानिरीक्षक मायकेल अ‍ॅटकिन्सन यांनी छाननी केली, विश्वासार्ह आणि तातडीचा असा शेरा मारून २६ ऑगस्टला तो वर पाठवला. वर म्हणजे राष्ट्रीय गुप्तचर विभागाचे प्रभारी संचालक जोसेफ मॅग्वायर यांच्याकडे. कायद्यानं त्यांनी सात दिवसांत संसदेच्या समित्यांकडे अर्ज पाठवायचा. सात दिवस गेले. ९ सप्टेंबरला महानिरीक्षकांनीच समित्यांना कळवलं, की असा एक अर्ज आहे, पण तुमच्यापर्यंत पोचलेला नाही.

"कुठे अडला असेल?" साहेबांनी मला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वहीवर बोट ठेवलं. "विधी विभागाच्या अभिप्रायार्थ!"

झालंही तसंच होतं. न्याय खात्यानं अभिप्राय दिला, की राष्ट्राध्यक्ष हे गुप्तचर विभागाचे कर्मचारी नव्हेत, सबब ही बाब त्या कायद्यातली 'तातडीची' ठरत नाही. फाइल अडवायची ही रीत साहेबांना इतकी ओळखीची वाटली, की वॉशिंग्टनबद्दलचा त्यांचा आदर वाढला का कमी झाला, मला सांगता येणार नाही.

मग फोनचा पाच पानी सरकारी गोषवारा जाहीर झाला, पाठोपाठ अर्जही. वाटेल की आता वाद मिटावा. उलट पेटला, कारण आता भांडायला शब्द मिळाले. झेलेन्स्की क्षेपणास्त्रं घेण्याबद्दल बोलतात आणि लगेच ट्रम्प म्हणतात, पण तुम्ही आमचं एक काम करा.

मूळ इंग्रजीत 'आमचं'च्या जागी 'अस' (us) आहे. त्या 'अस'वर अमेरिकेत महिनोन्महिने कीस पाडला गेला. ट्रम्प म्हणाले, 'आमचं' म्हणजे माझं नव्हे, देशाचं. त्यांचे समर्थक बोट दाखवत, की ते वाक्य २०१६ च्या निवडणुकीतल्या, संगणकातून झालेल्या माहितीच्या चोरीबद्दल आहे, बायडन यांचं नाव नंतर येतं. विरोधक म्हणत, नाव आधी आलं काय न् नंतर आलं काय, फोन एकच आहे. मास्तरांनी भाषेच्या अंगानं घेतलं. मराठीत 'आपलं' आणि 'आमचं' वेगळं. 'आपलं काम' म्हटलं तर समोरचाही त्यात आला. आणि 'आमचं एवढं काम करा' हे कुठल्या सुरात म्हणतात, हे ज्यानं एकदा तरी सरकारी टेबलामागे बसून नेत्याचा फोन घेतलाय, त्याला विचारावं. साहेबांनी घेतलाय. ते नुसते हसले.

आता ज्याच्यासाठी ही फिल्म केली तिथे येतो. शब्दांवरचा वाद लवकरच मागे पडला. सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती, लिहिणाऱ्याचं नाव.

(चित्रफितीचा वेग मंद. 'ज्वेल'वर माणसं चालतायत, चेहरे धूसर.)

महानिरीक्षकांच्या पत्रात एक कबुली होती, की अर्जदाराचा कल विरोधी पक्षाच्या उमेदवाराकडे असू शकतो, अशी काही चिन्हं दिसतात. तरीही अर्ज विश्वासार्ह आहे, कारण त्यातली माहिती इतर मार्गांनी जुळते. रिपब्लिकन पक्षानं पहिलं वाक्य उचललं, डेमोक्रॅटिक पक्षानं दुसरं. मग कळलं, की अर्ज करण्यापूर्वी ही व्यक्ती प्रतिनिधीगृहाच्या गुप्तचर समितीचे डेमोक्रॅट अध्यक्ष अ‍ॅडम शिफ यांच्या कर्मचाऱ्याच्या संपर्कात आली होती आणि शिफ यांनी ते आधी नीट सांगितलं नव्हतं. मास्तरांना आठवडाभराचा दारूगोळा मिळाला. खोटं कशाला बोलू, शिफ यांची ती लपवाछपवी मलाही पटली नव्हती. पुढे बोभाटा झाला, की ऐकीव माहितीवर तक्रार घेता यावी म्हणून गुपचूप फॉर्मच बदलला. महानिरीक्षकांच्या कार्यालयानं खुलासा केला, की अर्ज २०१८ पासूनच्याच फॉर्मवर आहे, स्वतः पाहिलेलंच असलं पाहिजे अशी अट कायद्यात नाही, आणि अर्जदारानं दोन्ही चौकोनांत खूण केली आहे, प्रत्यक्ष माहिती आणि इतरांकडून मिळालेली माहितीही.

साहेब एवढंच म्हणाले, "मास्तर, पावती कुणी आणून दिली हे लेखापरीक्षक बघत नाही. मेव्हण्यावर डूख धरून आणून दिली असेल. पावती खरी की खोटी, एवढंच बघायचं."

एक गंमत सांगतो. त्या खुलाशांत अर्जदाराचा उल्लेख सगळीकडे 'तो किंवा ती' असा आहे. इंग्रजीत लपवणं तसं सोपं. मराठीत क्रियापदच चहाडी करतं. 'गेला' म्हटलं की संपलं. हे निवेदन लिहिताना मला पाच वाक्यं मोडावी लागली.

निकाल काय लागला ते झटक्यात सांगतो, कारण तो पक्षाच्या रांगेतच लागला. १८ डिसेंबर २०१९ ला प्रतिनिधीगृहानं सत्तेच्या गैरवापराचा ठपका २३० विरुद्ध १९७ मतांनी ठेवला. ५ फेब्रुवारी २०२० ला सिनेटनं त्यातून ५२ विरुद्ध ४८ नं निर्दोष सोडलं. पक्षाची रांग मोडून ट्रम्प यांच्याविरुद्ध मत देणारे रिपब्लिकन एकटे मिट रॉम्नी. एप्रिलमध्ये महानिरीक्षक अ‍ॅटकिन्सन यांना ट्रम्प यांनी काढून टाकलं. त्यांना नेमलं होतं तेही ट्रम्प यांनीच.

मधला एक प्रसंग मात्र थांबून बघण्यासारखा आहे. सिनेटमधल्या सुनावणीत सदस्य प्रश्न लिहून देत आणि सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स ते वाचत. ३० जानेवारीला रिपब्लिकन सदस्य रँड पॉल यांची चिठ्ठी आली. तिच्यात अर्जदार म्हणून ज्याचा बोलबाला होता ते नाव होतं. रॉबर्ट्स यांनी चिठ्ठी पाहिली आणि हा प्रश्न मी वाचणार नाही, एवढंच म्हणून बाजूला ठेवली. मास्तर तेव्हा चिडले होते. "नाव सांगायला काय हरकत आहे? लपायचं कशाला?"

(मार्च २०२१. मास्क लावलेली गर्दी. बाकावर दोघांमध्ये हातभर अंतर.)

या प्रश्नाचं उत्तर मास्तरांनीच दिलं, चौदा महिन्यांनी. २० मार्च २०२१ ला एक आठ पानी पत्र फुटलं. लिहिणारे परमबीर सिंग. ठाणेकरांना हे नाव ठाण्याचे माजी पोलीस आयुक्त म्हणून ठाऊक. तीन दिवसांपूर्वीच त्यांना मुंबईच्या आयुक्तपदावरून हलवलं होतं. पत्र मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना, आरोप गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावर. दर महिन्याला शंभर कोटी गोळा करायला पोलीस अधिकाऱ्याला सांगितलं, असा. देशमुखांनी आरोप साफ नाकारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी 'ज्वेल'वर दोघांनी जागा बदलल्या. साहेबांचा जीव आघाडी सरकारात. ते म्हणाले, "पत्रावर सही कुठाय? बदली झाल्यावर बरं सुचलं! स्वतः तर पाहिलेलं नाही, कुणाकुणाकडून ऐकलेलं." आणि मास्तर, तेच मास्तर, म्हणाले, "सही राहू द्या हो, मजकूर वाचा."

सही नाही, ई-मेलही नेहमीचा नाही, हा मुद्दा सरकारच्या बाजूनंही आला होता. पुढे उच्च न्यायालयानं सीबीआयला प्राथमिक चौकशी करायला सांगितलं आणि ५ एप्रिलला देशमुखांनी राजीनामा दिला. पण मला त्या दोघांचे चेहरे आठवतात. बोलता बोलता साहेब मधेच थांबले. स्वतःचंच पावतीचं वाक्य आठवलं असावं. दुसरी फेरी त्या दिवशी झाली नाही.

सत्येंद्र दुबेंचं नाव साहेबांनी त्यानंतर काढलं. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातला तरुण अभियंता. बिहारमधल्या रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार २००२ मध्ये थेट पंतप्रधानांना कळवला आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. 'लपायचं कशाला' याचं उत्तर तिथे आहे.

त्या खुनानंतर २००४ मध्ये केंद्रानं ठराव काढला. केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकिटात तक्रार करायची, पाकिटावर नाव घालायचं नाही, नाव आत द्यायचं. निनावी पत्र चालत नाही. पण हा ठराव केंद्राच्या कर्मचाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींपुरता. राज्य सरकारच्या कारभाराला लागू नाही. जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरकारभार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली. अंमलबजावणीची अधिसूचना मात्र निघाली नाही. पूर्वी गावात जागल्या असायचा, रात्रभर जागायचा. त्याच्या हातात निदान काठी असे.

मास्तर नागरिकशास्त्राचे. त्यांनी मला लोकपाल कायद्याचं चौदावं कलम वाचायला लावलं. पंतप्रधानांविरुद्ध तक्रार होऊ शकते. पण लोकपालाचं पूर्ण पीठ बसलं पाहिजे, दोन तृतीयांश सदस्य राजी हवेत, चौकशी बंद दाराआड, आणि तक्रार फेटाळली तर कागद बाहेर येणार नाहीत. आणि आरोप आंतरराष्ट्रीय संबंधांशी निगडित असेल, तर चौकशीच नाही. म्हणजे २५ जुलैसारखा फोन दिल्लीतून गेला असता, तर त्यावरचा अर्ज बहुधा या एका ओळीवर अडला असता. हे मला मास्तरांनी दाखवलं, ट्रम्पसमर्थक मास्तरांनी, हेही नोंदवून ठेवतो.

(बाक. साहेब एकटे. टोपी मांडीवर.)

शेवटचं चित्रीकरण करताना मी साहेबांना विचारलं, तुमच्याकडे असा अर्ज कधी आला होता?

आला होता. कार्यालय कुठलं ते त्यांनी सांगितलं नाही. तीसेक वर्षांपूर्वी लेखापरीक्षणाला गेले असताना टेबलावर एक निनावी अर्ज सापडला. ताडपत्र्यांची खरेदी, नोंदवहीत इतके नग, गोदामात निम्मे. दुसऱ्या दिवशी तिथल्या वरिष्ठांनी शिपायाला पिटाळून कपाटातून कागद काढायला लावले. साहेबांना वाटलं, साठा नोंदवही येतेय. आले ते कर्मचाऱ्यांचे रजेचे अर्ज. हजेरीपटात नुसत्या सह्या असतात, अक्षर कळत नाही. रजेच्या अर्जात चार ओळी हाताच्या असतात. दुपारपर्यंत अख्खी कचेरी 'ळ' जुळवत बसली. साहेबांनाही भिंग देऊन बसवलं. तुमची नजर तयार, तुम्हीच बघा म्हणाले.

"तुम्ही ओळखलंत?"

"तिसऱ्याच कागदावर."

"मग?"

"मग काय! म्हटलं, जुळत नाही एकही. आणि गोदामाची किल्ली मागितली."

मास्तर मागून येऊन उभे होते. "कोण होता हो? आता तर सांगा. सगळे निवृत्त झाले असतील."

साहेबांनी माकडटोपी डोक्यावर चढवली, कान झाकले.

"होता का होती, तेसुद्धा सांगणार नाही."