जुन्या कर्जाचा फोन आलाय? टोकन भरण्याआधी हे ऐका | रिकव्हरी एजंट आणि तीन वर्षांची मुदत

नमस्कार मंडळी. सिबिलवरचा व्हिडिओ टाकला तेव्हापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. ताई, पाच-सात वर्षांपूर्वीचं क्रेडिट कार्ड, ते बिल मला तेव्हाही मान्य नव्हतं, मी बँकेत जाऊन भांडून आलो होतो, मग सगळं शांत झालं, आणि आता अचानक कुठल्यातरी एजन्सीचा फोन येतोय की इतके हजार भरा नाहीतर घरी माणूस पाठवतो. काय करू? कुणी पर्सनल लोनबद्दल विचारतंय, कुणी अ‍ॅपवरच्या लोनबद्दल, पण गोष्ट तीच. देणं जुनं, रकमेवर वाद, आणि फोनवर अनोळखी माणूस.

आधी पटपट बेसिक उरकते, कारण हे बहुतेकांना माहितीये. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघात अपमान, नातेवाईकांना किंवा मित्रांना फोन करून तुमची थकबाकी सांगणं, यातलं काहीही चालत नाही. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात हे स्पष्ट लिहिलंय. घरी येणाऱ्या एजंटकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र पाहिजे, नसेल तर दारातूनच परत पाठवा. आणि साधं कर्ज थकलं म्हणून पोलीस अटक करत नाहीत, हा दिवाणी मामला आहे. चेक बाउन्स झाला असेल किंवा खोटे कागद देऊन कर्ज उचललं असेल तर गोष्ट वेगळी. झालं बेसिक.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ करतेय ती गोष्ट. टोकन पेमेंट.

फोनवर पहिली दहा मिनिटं धमकी असते, आणि मग आवाज एकदम मऊ होतो. "सर, तुमची अडचण मी समजू शकतो, असं करा, आज फक्त पाचशे रुपये टोकन भरा, मी फाईल होल्डवर टाकतो, तुम्हाला परत फोन येणार नाही." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण समोरचा माणूस घाबरलेला असतो, दिवसाला दहा फोन झेललेला असतो, आणि त्याला वाटतं पाचशेच तर आहेत, देऊन टाकू, पिडा टळेल. पिडा टळत नाही हो! उलट जो वाद तुमच्या बाजूने उभा होता त्याचे पाय तुम्ही स्वतःच्या हाताने कापता.

का ते सांगते, नीट ऐका. आपल्याकडे मुदतीचा कायदा आहे, १९६३ चा, लिमिटेशन अ‍ॅक्ट. उधारीच्या किंवा विनातारण, म्हणजे काही गहाण न ठेवता घेतलेल्या, कर्जाच्या पैशासाठी कोर्टात दावा लावायला सावकाराला साधारण तीन वर्षं मिळतात, ढोबळ मानाने शेवटचा भरणा किंवा डिफॉल्ट झाल्यापासून. तीन वर्षं उलटली आणि दावा लावलाच नाही, तर कोर्ट तो दावा फेटाळतं, आणि कलम ३ प्रमाणे तुम्ही मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कोर्टाने स्वतः ते बघायचं असतं. पण याच कायद्यात कलम १८ आणि १९ आहे. मुदत संपायच्या आत तुम्ही लेखी सहीनिशी कबूल केलंत की हो, माझं देणं आहे, किंवा थोडे पैसे भरलेत आणि त्याची तुमच्या हातची किंवा सहीची नोंद राहिली, तर तीन वर्षांचं मीटर त्या दिवसापासून परत शून्यावरून सुरू होतं. म्हणजे दोन वर्षं दहा महिने झालेत, मुदत संपत आलीये, आणि नेमका तेव्हाच मऊ आवाजातला फोन येतोय. तो योगायोग आहे असं समजू नका.

मग कमेंट येते की ताई, मी कुठे सही केली, मी तर यूपीआयने पाठवले. बरोबर, आणि कदाचित तुमचा वकील कोर्टात हाच मुद्दा मांडेलही. पण का मांडायची वेळ आणायची? कर्नाटक हायकोर्टाने २०१३ मध्ये ईमेलमधली कबुलीसुद्धा ग्राह्य धरलेली आहे. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर "हो भरतो, थोडा वेळ द्या" असं टाइप करताना "हे काय कागद थोडीच आहे" या भरवशावर राहू नका.

दुसऱ्या बाजूने बघा. समजा मुदत संपूनच गेलीये. नुसते पाचशे भरल्याने गेलेली मुदत कायद्याने परत येत नाही, हे खरं. पण १८७२ च्या करार कायद्यात कलम २५ चं पोटकलम ३ आहे, त्यात म्हटलंय की मुदतबाह्य देणं फेडायचं लेखी वचन सहीनिशी दिलं तर तो नवा, वैध करार होतो. म्हणून टोकनच्या मागोमाग एक फॉर्म येतो, सेटलमेंट फॉर्म म्हणतात त्याला, त्यात बारीक अक्षरात सगळी रक्कम मान्य केलेली असते, आणि खाली सही करा किंवा लिंकवर ओटीपी टाका. पाचशे रुपये हे त्या फॉर्मपर्यंत न्यायचं निमित्त असतं.

आणि तिसरी बाजू, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मुदत बाजूला ठेवा. तुमचं म्हणणंच असं आहे ना की हे देणं माझं नाही, किंवा रक्कम चुकीची आहे? मग ज्याचं देणं नाही तो पैसे कशाला भरेल? उद्या तुम्ही बँकेकडे तक्रार केली, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेलात, तर तिकडून पहिलं उत्तर हेच येणार की ग्राहकाने अमुक तारखेला अंशतः भरणा केलेला आहे. झालं, तुमचा वाद तिथेच लंगडा.

माझ्या मामांचंच सांगते. त्यांना एका बँकेने गळ्यात मारलेलं कार्ड, त्यांनी ते कधी वापरलंच नाही, पाकिटातून बाहेरसुद्धा काढलं नव्हतं. कितीतरी वर्षांनी वसुलीचा फोन. मी स्टेटमेंट मागवून घेतलं तर पहिली ओळ काय, वार्षिक फी ४९९ रुपये. खाली जीएसटी ८९ रुपये ८२ पैसे. पुढच्या महिन्यात लेट फी. त्या लेट फीवर जीएसटी. मग व्याज, मग व्याजावर जीएसटी, पुन्हा लेट फी. पानंच्या पानं, आणि त्यात एकही खरेदी नाही! एक चहासुद्धा नाही त्या कार्डावर. आणि मामा साधा माणूस, आयुष्यात कुणाचा रुपया ठेवला नाही, ते फोनवर टाइप करत बसले होते की "पुढच्या महिन्यापर्यंत मुदत द्यावी ही विनंती". मामींनी मला फोन लावला म्हणून तो मेसेज गेला नाही. कर्जबुडवे या फोनला घाबरतच नाहीत हो, घाबरतात ती मामांसारखी माणसं, आणि एजंटला हे पक्कं ठाऊक असतं.

आता एक खोच, कारण मागच्या वेळी एकाने लिहिलं होतं की माझं २०१९ चं आहे म्हणजे २०२२ ला संपलं, मी निवांत. थांबा. कोविडमुळे सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळलाय. म्हणजे जून २०१९ मध्ये शेवटचा भरणा असेल तर मुदत जून २०२२ ला नाही, जवळपास २०२४ च्या मध्यापर्यंत जाते. तारखा काढताना हे धरा. आणि हे सगळं विनातारण कर्जाचं चाललंय. घर गहाण असेल तर गहाणाच्या दाव्याला बारा वर्षं आहेत. कोर्टाचा हुकूमनामा आधीच झालेला असेल तर त्याच्या अंमलबजावणीलाही बारा वर्षं. आणि मुदत संपली म्हणजे देणं पुसलं गेलं असं नाही, फक्त कोर्टातून वसूल करायचा रस्ता बंद होतो. सिबिलच्या रिपोर्टवर नोंद राहू शकते.

मग फोनवर बोलायचं काय? मी सांगते ते वाक्य पाठ करा. "मला ही थकबाकी मान्य नाही, जे काही असेल ते लेखी पाठवा." बास. कधी घेतलं, किती घेतलं, का भरलं नाही, पगार किती, काहीही सांगायचं नाही. फोन रेकॉर्ड करा, नंबर आणि वेळ वहीत लिहा.

त्याच दिवशी बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल. एजंटच्या जीमेलवर नाही, बँकेच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता असतो, तिथे. मामांसाठी मी जो लिहिला तो साधारण असा: "आपल्या वतीने अमुक तारखेला अमुक नंबरवरून वसुलीचा फोन आला. सांगितलेली थकबाकी मला मान्य नाही. हा ईमेल म्हणजे कोणत्याही देण्याची कबुली नाही. माझ्या सहीचा मूळ अर्ज, सुरुवातीपासूनचं संपूर्ण स्टेटमेंट, शेवटच्या भरण्याची तारीख आणि संबंधित एजन्सीला दिलेलं अधिकारपत्र पाठवावं. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत वसुलीचे फोन थांबवावेत." त्यातलं "कबुली नाही" हे वाक्य खाऊ नका, तेच महत्त्वाचं आहे. आणि फोन करणारा म्हणाला की कर्ज आता आमच्या कंपनीने विकत घेतलंय, तर कर्ज हस्तांतराचा कागद मागा. जुनी कर्जं अशी मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना, म्हणजे थकलेली कर्जं विकत घेऊन वसूल करणाऱ्या कंपन्यांना विकली जातात, ते कायदेशीर आहे, पण कागद दाखवायलाच पाहिजे. नाहीतर फोनवर कुणीही उठून सांगेल की मीच मालक.

ईमेलमधली शेवटची मागणी, वसुलीचे फोन थांबवायची, मी हवेत केलेली नाही. ग्राहकाची तक्रार प्रलंबित असताना बँकेने प्रकरण वसुली एजंटकडे द्यायचं नाही, हे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच सांगितलंय. एकच अपवाद, तक्रार नुसती त्रास द्यायला केलीये असं बँकेने पुराव्याने दाखवलं तर. म्हणून तक्रार लेखी पाहिजे. बँकेत जाऊन काउंटरवर भांडून आलात त्याची नोंद कुठेच नसते.

तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उडवाउडवीचं उत्तर आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्यांच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर ऑनलाइन होतं, फुकट आहे, वकील लागत नाही, अडलं तर १४४४८ वर फोन करा. आणि धमकी दिली असेल, घरच्यांना छळलं असेल, तर रेकॉर्डिंग घेऊन पोलीस स्टेशन, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ त्यासाठीच आहे.

सिबिलचं एका दमात: कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या चारही क्रेडिट ब्युरोंचा (सिबिल त्यातलाच एक) रिपोर्ट वर्षातून एकदा मोफत मिळतो, चुकीच्या नोंदीवर डिस्प्यूट टाका, तीस दिवसांत निकाल नाही लागला तर दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे. आणि घाबरून सेटलमेंट, म्हणजे कमी रकमेवर तडजोड केलीत तर रिपोर्टवर "सेटल्ड" असा शिक्का बसतो, "क्लोज्ड" म्हणजे पूर्ण फेडलं असा नाही, पुढे गृहकर्जाला तो आड येतो.

आता एका कमेंटबद्दल बोलायचंय. "ताई, तुम्ही लोकांना कर्ज बुडवायला शिकवताय." नाही. पैसे घेतलेत, रक्कम बरोबर आहे, तर बँकेत जा, हप्ते पाडून मागा, लेखी घ्या, फेडा, आणि नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला घेतल्याशिवाय उठू नका. पण रकमेवर वाद असेल तर हिशोब मागणं हा गुन्हा नाहीये. किराणावाल्याकडेसुद्धा आपण वही बघून पैसे देतो. इथे वही मागितली की माणसाला चोर ठरवतात, याचा मला मनापासून राग येतो.

नोटिसांचं बरेच जण विचारतात. व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाच्या लेटरहेडवर लाल अक्षरात "अंतिम नोटीस" आली तर तो कोर्टाचा आदेश नसतो, पण तिलाही वर सांगितलं तसंच लेखी उत्तर द्या. लोकअदालतीची दावापूर्व नोटीस म्हणजे तडजोडीचं बोलावणं, तुमच्या संमतीशिवाय तिथे काही ठरत नाही, आणि तिथेही सही करण्याआधी रक्कम वाचा. पण खरं कोर्टाचं समन्स किंवा लवादाची, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा करणाऱ्या पंचाची, नोटीस आली तर ती बाजूला टाकायची नाही, काहीही झालं तरी नाही. ई-कोर्टसच्या साइटवर केस नंबर टाकून खरी आहे का बघा आणि वकील गाठा, परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत चौकशी करा. मुदत संपलेली असली तरी तारखेला हजर राहून आपलं म्हणणं मांडायचं. गैरहजर राहिलात तर एकतर्फी हुकूम होऊ शकतो, आणि तो फिरवायला फार धावपळ होते.

आणि वडील गेले, आता एजंट मुलाच्या मागे लागलाय, असं विचारणाऱ्या ताईंना. तुमचा भाऊ जामीनदार किंवा सहकर्जदार नसेल तर वडिलांकडून वारशात जेवढं आलंय तेवढ्यापुरतीच जबाबदारी, स्वतःच्या पगारातून नाही. त्यांनाही तेच सांगा, टोकन भरायचं नाही, आधी कागद मागायचे.

तुमच्या केसबद्दल विचारायचं असेल तर खाली शेवटच्या भरण्याचा महिना-वर्ष आणि कर्ज कुठल्या प्रकारचं तेवढंच लिहा. अकाउंट नंबर, कार्ड नंबर, मोबाइल नंबर कमेंटमध्ये टाकू नका, मागच्या व्हिडिओखाली काहींनी टाकले होते, ते मी काढून टाकलेत.